काटा वरखाली

हॅलिफॅक्सहून हडर्सफील्डला जाताना
मोकळ्या रस्त्यावर काटा गुमान पडून असतो,
सिग्नलला ब्रेक दाबला की उठतो,
लाल पट्टीला नाक लावून परत फिरतो.
आठ मैल. रात्रपाळी. नोव्हेंबर.
जीव वरखाली होणं म्हणतात ते
कुणीतरी माझ्या मायक्रात बसूनच म्हटलं असणार.

गॅरेजवाला डॅरन दातांतून हवा आत ओढत म्हणाला,
हेड गॅस्केट.
मग आकडा सांगितला. गाडीपेक्षा मोठा.
मामंजींना इंग्रजी येत नाही,
पण हवा ओढणं कळलं.
मिरज डेपोत एकतीस वर्षं एसटीच्या पोटाखाली आडवे झालेले,
त्यांना ती हवा पाठ होती.

इथे येऊन सात आठवडे.
एक गळका नळ, एक कुरकुरती बिजागरी,
एवढंच आलं होतं त्यांच्या वाट्याला.
त्यानंतर घरात बिघडायचं काही उरलंच नाही,
आणि ते खिडकीशी बसून
समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्या मोजायचे.
मोजून झाल्या की मला सांगायचे.

रविवारी थर्मोस्टॅट काढून थेट स्वयंपाकघरात.
दोऱ्याला बांधून सोडला
माझ्या दुधाच्या पातेल्यात.
मी तोंड उघडलं. मिटलं.
गॅस बारीक, वर माझं पाकाचं थर्मामीटर,
आणि आम्ही दोघं वाकून,
सासरा आणि सून,
लग्नानंतर प्रथमच एकाच गोष्टीकडे इतका वेळ बघत.
ऐंशी. चौऱ्याऐंशी.
अठ्ठ्याऐंशीला पितळी झडपेनं हळूच ओठ उघडले.
"हा गुणी आहे," मामंजी म्हणाले,
"ह्याच्यावर नाव घेऊ नका."

मग बाकीच्यांची चौकशी.
कूलंट काठोकाठ, वर तेलाचा तवंग नाही.
ऑइलच्या झाकणाखाली साय धरलेली नाही.
होज दाबून पाहिले, डॉक्टर पोट दाबतात तसे.
"दुखत नाही कुठे."
चार वाजता अंधारायला लागलं, ते म्हणाले,
"दिवे लाव."

काटा उडाला.
"घालव." पडला.
"वायपर. पंखा. परत दिवे."
काटा उडत होता, पडत होता,
आणि मामंजी बॉनेटवर कोपरं टेकून हसत होते,
विमानतळावर उतरल्यापासून पहिल्यांदा.
"अगं, पाणी कधी उडी मारतं का?
पाणी चढतं, सावकाश, पायरी पायरीनं.
उडी मारते ती वीज.
इंजिन थंड आहे तुझं. अर्थिंग गेलंय."

बॅटरीखालून निघून बॉडीला टेकलेली वेणीदार तार,
बोल्टपाशी हिरवी-पांढरी, भुगा झालेली.
दर हिवाळ्यात बर्फासाठी कौन्सिल रस्त्यांवर मीठ टाकतं;
बारा हिवाळे खाल्लं होतं तिनं हे मीठ
आणि मिठाला जागली नव्हती.
शेजारच्या ॲक्रॉइडनी, गालिच्यांच्या गिरणीतून निवृत्त,
न विचारताच टॉर्च धरला,
खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढून दिला.
मामंजी मराठीत बोलत राहिले,
ते यॉर्कशरीत "आय, आय" म्हणत राहिले.
लोखंड चकाकेपर्यंत घासलं.
नवी तार, साडेसहा पौंड.

सोमवारी एलंडच्या सिग्नलला मी मुद्दाम
सगळं लावलं: दिवे, पंखा, वायपर, मागची काच,
मागचा ड्रायव्हर वैतागेपर्यंत.
काटा मध्यावर. ढिम्म.
इतके दिवस मी काय काय ऐकवलं होतं
त्या मेंढ्या मोजणाऱ्या माणसाला, मनातल्या मनात,
आणि एकदोनदा मोठ्यानंही,
ते सिग्नल हिरवा होईतो आठवत बसले.

जानेवारीत ते परत गेले.
फोनवर नातवाच्या आधी विचारतात,
"काटा?"
"मध्यावर."
"आणि पातेलं?"
कूलंट विषारी असतं, फेकून दिलं, असं सांगते.
खोटं आहे.
गॅरेजात आहे, दोरा तसाच बांधलेला.